पाणबुड्याचा पट्टा आणि वऱ्हाडची कावड

वऱ्हाडच्या वाचकाला पाणबुड्याच्या पट्ट्याची हकीकत ऐकवणे म्हणजे कोकणातल्या माणसाला सरकीचे भाव सांगण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. अमरावतीहून संध्याकाळी मुंबईची गाडी धरावी, तेव्हा कुठे सकाळी खाऱ्या वाऱ्याचा वास नाकाला लागतो. पण पाण्याच्या तळाशी जाणारी माणसे आता केवळ समुद्राची राहिलेली नाहीत. वर्धा, पूर्णा, काटेपूर्णा, वान या आमच्या नद्या पावसाळ्यात चढतात, धरणे तुडुंब भरतात आणि कुठे ना कुठे पाण्यात उतरावे लागते. ते मोती वेचण्यासाठी नव्हे, माणूस शोधण्यासाठी.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात, झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ माणसे बुडाली. दशक्रियेच्या निमित्ताने एकत्र आलेले ते आप्तस्वकीय होते. शोधपथकांना काही दिवस नदी धुंडाळावी लागली. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळी तालुक्यातील पिंजर या गावी तर अशा कामासाठी संत गाडगेबाबांच्या नावाचे एक शोध व बचाव पथकच उभे राहिले आहे. वऱ्हाडच्या मातीत वाढलेल्या त्या साधूने हयातभर हातात खराटा घेऊन गावे झाडली. ज्या कामाला कोणी पुढे होत नाही ते काम आपले, ही त्यांची शिकवण. तेव्हा पथकाचे नाव योग्यच म्हटले पाहिजे.

खोल पाण्यात बराच वेळ राहायचे तर पाठीला हवेचा सिलिंडर बांधून उतरावे लागते. तो सिलिंडर, त्याचे पट्टे आणि त्यांच्याबरोबर अंगावर बाळगायचे शिसे यांची मांडणी कशी करतात, हा या लेखाचा विषय. विषय पाण्याखालचा असला तरी तो तिथेच राहत नाही. अकोल्याच्या कावडीवरून आणि कापसाच्या गाडीवरून तो थेट आपल्या घरातल्या शाळकरी मुलाच्या पाठीपर्यंत येऊन पोचतो.

शिशाचे काय काम?

१९४३ साली जाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंच माणसांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे नवे यंत्र सिद्ध केले, तेव्हापासून पाणबुड्या मोकळा झाला. वरच्या होडीतून येणाऱ्या हवेच्या नळीला बांधून घेण्याची गरज उरली नाही. तो आपली हवा आपल्या पाठीवर घेऊन माशासारखा हिंडू लागला. मात्र या मोकळेपणाला वजन आहे. नेहमीच्या वापरातला ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा असतानाच सुमारे १४ किलोंचा भरतो. त्यात कोंबलेली सव्वादोन हजार लिटर हवा आणखी अडीच किलोंची. हवा ती काय आणि तिला वजन ते काय, असे आपण म्हणतो. पण दाबून भरली म्हणजे तीसुद्धा काट्यावर उतरते. त्यावर पट्टे, नळ्या, फुगवता येणारे जाकीट आणि शिसे. सगळे मिळून ओझे २५ ते ३० किलोंपर्यंत जाते. गृहिणींना सांगायचे तर स्वयंपाकघरातला भरलेला गॅसचा सिलिंडर जवळजवळ एवढाच जड असतो. तो पाठीला बांधून नदीच्या काठावरून, चिखलातून, दगडांवरून चालायचे आहे, अशी कल्पना करून पाहावी.

इतके ओझे असताना वर आणखी शिसे कशाला? कारण पाणी माणसाला वर उचलते. आपण जितके पाणी बाजूला सारू तितक्या पाण्याच्या वजनाएवढी ही उचल असते, हे आर्किमिडीजने सांगून दोन हजारांवर वर्षे झाली. माणसाचे शरीर पाण्यात मुळात हलके. त्यात थंडीपासून बचावासाठी घातलेला रबरी पोशाख बुचासारखा तरंगतो. तेव्हा खाली जाण्यासाठी वजन लागते, आणि थोड्या जागेत पुष्कळ वजन म्हणजे शिसे.

इथे नदी आणि समुद्र यांत फरक पडतो. शंभर लिटर गोडे पाणी शंभर किलोंचे, तर तेवढेच समुद्राचे पाणी सुमारे अडीच किलोंनी जड. मीठ पाण्याला वजन देते. मिठाच्या पाण्याची ओळख वऱ्हाडला नाही असे मात्र कोणी समजू नये. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपण जाणतोच. १९३० साली दहीहंड्याच्या खाऱ्या पाण्याचे मीठ करून वऱ्हाडने मिठाचा सत्याग्रह साजरा केला तो समुद्रावाचूनच. तर सांगायचा मुद्दा असा की, मालवणजवळच्या तारकर्लीला, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या शाळेत, पाणबुडी विद्या शिकून आलेला माणूस काटेपूर्णेच्या धरणात उतरणार असेल, तर त्याने पट्ट्यातले दोन-अडीच किलो शिसे आधी काढून ठेवावे. तिथे जे बरोबर होते ते इथे जास्त होते, आणि पाण्याखाली जास्तीचे ओझे म्हणजे दर क्षणाला जास्तीचा श्वास.

डबा कुठे बांधावा?

आता मुख्य गोष्ट. ओझे किती हे ठरले. ते अंगावर कुठे बसवायचे?

आपल्यापैकी पुष्कळजण गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले असतील. शिकवणारे काका डबा छातीच्या मागे, वरच्या अंगाला नेमका बांधत. तो सुटून कमरेवर सरकला की काय होई? कंबर वर, डोके पाण्यात, आणि काठावरची पोरे हसून बेजार! डबा तोच, त्याची उचल तीच. जागा चार बोटे बदलली आणि तारणारा डबा बुडवणारा झाला. तसेच विहिरीत उताणे पडून तरंगणाऱ्याचे पाय हळूहळू खाली जातात, हेही आपण पाहिले आहे. याचे कारण आपल्या सर्वांच्या अंगात एक डबा जन्मतःच बांधलेला आहे. तो म्हणजे छातीतली फुप्फुसे. ती वरच्या अंगाला उचलतात, आणि पाय आपल्या वजनाने खाली ओढतात.

पाणबुड्याने सगळे शिसे कमरेच्या पट्ट्यात घातले म्हणजे हाच प्रकार होतो. छाती वर, कंबर खाली. माणूस पाण्यात आडवा न राहता तिरपा, जणू जिना चढतो आहे असा लोंबकळतो. तिरप्या अंगाला पाणी अधिक अडते, पाय अधिक मारावे लागतात, हवा लवकर संपते. समुद्रात एवढ्यावर भागते. आमच्या नद्यांत तेवढ्यावर भागत नाही. काळ्या मातीच्या मुलखातल्या पाण्याच्या तळाशी मऊ गाळ असतो. लोंबकळत्या पायांनी तो एकदा ढवळला की पुढची पाच-दहा मिनिटे स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. आधीच गढूळ पाण्यात दोरीच्या आधाराने, हाताने चाचपत शोध घ्यावा लागतो. त्यात आपल्याच पायांनी अंधार करून घेणे परवडणारे नाही.

म्हणून जाणते पाणबुडे शिसे वाटून बांधतात. काही कमरेला, दोन्ही बाजूंस अगदी सारखे. काही वर, सिलिंडरच्या पट्ट्यापाशी, फुप्फुसांच्या पातळीला. सिलिंडर फार खाली बांधला तर पाय ओढले जातात, फार वर बांधला तर मान मागे करताच डोके त्याच्या तोटीवर आपटते. ती उंची ज्याची त्याने दोन बोटे वर, दोन बोटे खाली करून ठरवायची. मांड्यांच्या मधून एक पट्टा घेतात, म्हणजे पृष्ठभागावर आल्यावर जाकीट वर चढून हनुवटीला टेकत नाही. खांद्याचे पट्टे मात्र आवळून ताणायचे नाहीत. आधी कमरेचा पट्टा घट्ट करायचा, मग खांद्याचे जेमतेम टेकते ठेवायचे. काठावर चालताना निम्म्याहून अधिक भार कमरेच्या हाडांवर, म्हणजे पायांवर, गेला पाहिजे. खांद्याचे काम ओझे वाहण्याचे नसून ते मागे कलू न देण्याचे आहे.

आणखी एक बारकावा. उतरताना भरलेला सिलिंडर वर येताना दोन-अडीच किलोंनी हलका झालेला असतो, कारण तेवढी हवा आपण श्वासावाटे खर्च केलेली असते. म्हणजे हे ओझे वाटेत बदलणारे आहे! तेव्हा शिशाचा हिशेब भरल्या सिलिंडरवर करून चालत नाही. तो रिकामा होत आल्यावरही माणूस पाण्यात स्थिर राहील असा करावा लागतो. त्याची कसोटी साधी आहे. जाकिटातली हवा काढून टाकावी, सिलिंडर संपत आलेला असावा, आणि साधा श्वास घेऊन पाण्यात उभे राहावे. पाणी डोळ्यांच्या पातळीला आले आणि श्वास सोडताच माणूस हळूच खाली गेला, की वजन बरोबर.

कावडीचे गणित

हे सारे परदेशी पुस्तकांतले नवे शास्त्र वाटेल, पण त्याचा पहिला धडा अकोल्याच्या रस्त्यावर दरवर्षी सर्वांदेखत गिरवला जातो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून कावडी निघतात आणि सुमारे १८ किलोमीटर पायी चालत अकोल्याच्या ग्रामदैवताला, राजराजेश्वराला, त्या पाण्याचा अभिषेक होतो. १९४४ सालच्या अवर्षणात काही भक्तांनी असे पाणी आणले आणि तेव्हापासून ही प्रथा पडली, असे अकोल्यात सांगतात. आज लहान मुलाच्या दोन कलशांपासून शेकडो भरण्यांच्या अवाढव्य कावडींपर्यंत सर्व प्रकार तिथे पाहायला मिळतात.

दोन घागरी दोन हातांत धरून शंभर पावले चालून पाहा. बोटे वळतात, खांदे निखळू लागतात. त्याच घागरी दांडीच्या दोन टोकांना टांगून खांद्यावर घ्या. ओझे दांडीच्या वजनाइतके वाढलेच, तरी चालणे सुसह्य होते. कारण हाताची बोटे आणि कोपर सुटले, भार सरळ खांद्यावरून कण्यावर आणि कण्यावरून पायांवर गेला, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्याने शरीराला एका अंगाला झुकून तोल सावरावा लागला नाही. मोठ्या कावडीला अनेक खांदे लागतात, आणि तिथे खरी परीक्षा असते. एकजण उंच, दुसरा ठेंगणा असला की बुटक्याची चैन आणि उंचाचे मरण! म्हणून जोड्या उंची पाहून लावाव्या लागतात, आणि पावले एका तालात पडावी लागतात. नव्या पोराने दांडी गच्च आवळून धरली, तर जुना माणूस म्हणणारच, "अबे पोट्ट्या, दांडीले झोंबू नोको. खांद्यावर ठेव, अन् पायाची चाल मोडू नोको."

लवचिक दांडीचा आणखी एक गुण मोजून पाहिला गेला आहे. १९९१ साली एका अमेरिकन संशोधकाने लवणाऱ्या दांड्यांना वजने बांधून माणसांना पळवले. त्यांना लागणारा ऑक्सिजन काही कमी झाला नाही; पाठीवरच्या ओझ्याला लागतो तेवढाच लागला. पण पावलागणिक खांद्यावर बसणारे हिसके मात्र पुष्कळच कमी झाले. दांडी वरखाली लवते आणि धक्का स्वतः खाते. म्हणजे कावड श्रम वाचवत नाही. ती खांदा वाचवते. १८ किलोमीटर चालणाऱ्याला हे काही थोडके नव्हे.

याहून नवलाचे निरीक्षण १९८६ साली 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकात आले. केनियातल्या बायका डोक्यावर किंवा कपाळाच्या पट्ट्यावर ओझे घेऊन चालताना मोजल्या, तेव्हा स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतच्या ओझ्याला त्यांना जास्तीचा श्रमच पडत नव्हता. लहानपणापासूनच्या सवयीने त्यांची चालच तशी घडलेली होती. यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, बायकांना ओझे वाटत नाही! खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी पिढ्यांनी गोड्या पाण्याच्या घागरी लांबून डोक्यावरून आणल्या. चाल कितीही सुरेख झाली तरी मान आणि मणके आपला हिशेब वेगळा ठेवतात. त्या ओझ्यावरचा खरा उपाय घागर नीट ठेवणे हा नसून पाणी दाराशी आणणे हाच होता. अकोला जिल्ह्यातल्या ८४ खेडी पाणीपुरवठा योजनेसारख्या योजनांचे मोल त्यावरून समजावे.

उलाळ गाडी आणि दप्तर

इंग्रजीत पाणबुड्याच्या पट्ट्यांना हार्नेस म्हणतात, आणि टांग्याच्या घोड्याच्या साजालाही हाच शब्द आहे. टांग्यांच्या काळात मागे तीन भारदस्त मंडळी बसली की टांगेवाला म्हणे, "साहेब, जरा पुढे सरका". नाहीतर दांड्या वर उचलल्या जाऊन घोडा अधांतरी व्हायचा. कापसाच्या बाजाराला निघालेल्या बैलगाडीचेही तेच. भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला तर त्यांच्या माना दबतात. धुरकरी काटा न वापरता, केवळ जू हाताने उचलून पाहून, भार योग्य जागी आला की नाही ते सांगत असे.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब खेळणारी मुले ज्यांनी पाहिली असतील त्यांना हेच तत्त्व निराळ्या रूपात दिसले असेल. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या या संस्थेचा चमू १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आला. मल्लखांबावर अंग खांबाला लगटून असते तोवर लहान मुलगाही सहज टिकतो. तेच अंग खांबापासून लांब फेकले की भल्याभल्यांचे हात थरथरतात. वजन तेच, अंतर वाढले.

आता आपल्या घरातले दप्तर पाहू. मूल म्हणजे खांब, दप्तर म्हणजे खांबापासून लांब फेकलेले अंग. दप्तराचे पट्टे सैल सोडून ते कुल्ल्यांवर लोंबत ठेवण्याची मुलांना हौस असते. पण तसे केले की ते पाठीपासून सुटते, मागे ओढते, आणि तोल राखण्यासाठी मूल पुढे वाकते. रस्त्याने मान पुढे काढून, पाठ वाकवून चाललेले मूल दिसले, तर ते उलाळ झाले आहे असे समजावे! एका खांद्याला अडकवलेले दप्तर तर एका टोकाची घागर काढून घेतलेल्या कावडीसारखेच.

केंद्र सरकारच्या २०२० सालच्या धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावे असे म्हटले आहे. म्हणजे २५ किलोंच्या मुलाला अडीच किलो. या दिवाळीच्या सुट्टीत फराळाची डाळ मोजून झाल्यावर त्याच काट्यावर दप्तर एकदा ठेवून पाहावे. आकडा जास्त आला तर आधी नको ते काढावे. जे राहील ते नीट लावावे. जाड पुस्तके पाठीलगतच्या कप्प्यात, डबा आणि हलक्या वह्या बाहेरच्या बाजूस, पाण्याची बाटली एकीकडे तर तेवढेच काही दुसरीकडे. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर, आणि इतके आखूड की दप्तराचा तळ कमरेच्या खाली जाणार नाही. समोर छातीचा किंवा कमरेचा पट्टा असेल तर तो लावावा; तो शोभेसाठी दिलेला नसतो.

शेवटी पाणबुड्यांचा एक नियम सांगितलाच पाहिजे, कारण त्यावर प्राण अवलंबून असतो. शिशाच्या पट्ट्याची कडी सर्व पट्ट्यांच्या वर, मोकळी आणि एका हाताने एका झटक्यात सुटेल अशी ठेवायची. खाली काही अडले, हवा संपत आली, तर कितीही महागाचे शिसे असो, ते तिथेच टाकून वर यायचे. नवशिक्याकडून ही कृती पुन्हा पुन्हा करून घेतात, कारण घाबरलेला माणूस ओझे टाकायचे विसरतो आणि त्यालाच घट्ट धरून बसतो. दुसऱ्याच्या घरचे माणूस शोधायला गढूळ पाण्यात उतरणारा गडी आपल्या घरी परत यावा, यासाठी त्याच्या खांद्यातल्या बळाइतकीच ही छोटीशी कडी महत्त्वाची आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी सोबत्याने ती हाताने सोडून आणि पुन्हा लावून पाहायची असते. वऱ्हाडच्या नद्यांवर ज्या ज्या वेळी असे पथक उभे असेल, त्या त्या वेळी काठावर गर्दी करून घाई लावणाऱ्या आपण सर्वांनी त्यांना तेवढी दोन मिनिटे द्यावीत.